दिसतं एक, निघतं भलतंच: कीटक ओळखण्याचे अनुभव

मंडळी, आमच्या कुंपणाच्या घाणेरीवर भरदुपारी एक जीव जागच्या जागी तरंगत रस पीत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या भुंगा, त्यांचा नातू म्हणाला हमिंगबर्ड. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. फोटो मोठा करून पाहिला, तर हिरवट पाठ, पोटावर तांबूस पट्टा, काचेसारखे पंख आणि लांब सोंड. तो निघाला पतंग! कोशातून बाहेर येताना याच्या पंखांवर खवले असतात, ते पहिल्याच उड्डाणात झडून जातात. शेजारच्या अनंतावर याचीच, शेपटाशी शिंग असलेली हिरवी अळीही सापडली, मग शंकाच उरली नाही. तुमचेही अनुभव लिहा. नुसतं नाव नको, कशावरून ओळखलंत तेही सांगा.

---

आमची करडई आहे, सोलापूरकडे. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला की पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या "मधमाश्या" शेतात घिरट्या घालतात. बायका खुरपायला जायला बिचकतात. एक काडीवर बसली तेव्हा नीट निरखली. पंखांची एकच जोडी, मधमाशीला दोन असतात. मिशा अगदी आखूड, डोळ्यांनी जवळजवळ सगळं डोकं व्यापलेलं, मागच्या पायांवर परागाचे गोळे नाहीत. ही सिरफिड माशी, हिला नांगीच नसते. पट्टे नुसते पक्ष्यांना भिववायला. आणि खरी गंमत पानाखाली: हिची बिनपायांची अळी मावा तोंडात धरून उचलते आणि शोषून रिकामी साल टाकते. अळ्या दिसत असतील तर फवारणीची घाई करू नका, कळकळीनं सांगतो. औषधानं माव्याआधी याच मरतात.

---

कुंडीतल्या कढीपत्त्यावर लाल ठिपक्यांचं फुलपाखरू अंडी घालत होतं. दिसायला हुबेहूब कॉमन रोझ. पण रोझची अळी खाते ईश्वरीची वेल, त्यातलं विष तिच्या अंगात राहतं आणि पक्षी तिला टाळतात. ती कढीपत्त्यावर कशाला येईल? अंग पाहिलं तर काळं, रोझचं लाल असतं. म्हणजे ही कॉमन मॉर्मनची मादी, रोझच्या वेषातली.

---

कोळी हा कीटक नव्हे, तरी लिहितेच. आमच्या काजूवर ओंबील, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, भरपूर. त्यांतली एक फांदीवरून धाग्याला लोंबकळली! मुंगी कधी धागा सोडते का? पाय मोजले तर आठ. पुढचे दोन उचलून मिशांसारखे हलवत होती. समोर दोन मोठे डोळे, उडी मारणाऱ्या कोळ्यांसारखे. नराचे जबडे तर इतके लांब की मुंगीनं तोंडात दुसरी मुंगी धरल्यासारखं वाटतं.

---

रात्री दिव्यापाशी "चतुर" आला, तर मिशा पाहा. चतुराच्या केसाएवढ्या, दिसतीलच असं नाही. टोकाशी जाड झालेल्या मिशा आणि बसल्यावर पाठीवर कौलासारखे मिटलेले पंख असतील, तर तो चतुर नाही. ओसरीखालच्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खड्डे करून मुंग्या पकडणारा किडा असतो ना, तोच मोठा होऊन असा दिसतो.