मदत हवी आहे: २७ जानेवारीच्या ज्यू-संहार स्मृतिसभेत नावं कुणाकुणाची घ्यायची? मजकूर उद्या छापायला द्यायचाय

शहापूरचा_सूर्या
समितीत सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो फक्त ज्यूंचं नाव घ्या. दुसरा म्हणतो जगातले सगळे संहार घ्या, नाहीतर पक्षपात होतो. वाचायला सहा मिनिटं आहेत. पणत्या सहा की अकरा यावरही काल तासभर वाद. नियम काय आहे तेवढा सांगा. इतिहास सगळ्यांना माहीत आहे, तो सांगत बसू नका.

खानापुरी_मिरची
कसली समिती? शाळा, वाचनालय, पक्ष? समोर कोण बसणार? कुठल्या भाषेत वाचणार? आणि 'नियम' कुणाचा हवाय: संयुक्त राष्ट्रांचा, इस्रायलचा की इंग्लंडचा? तिन्ही वेगळे आहेत.

शहापूरचा_सूर्या
वाचनालय. बेळगावात टिळकवाडीतलं सभागृह, सत्तर-ऐंशी खुर्च्या. अकरावी-बारावीची मुलं आणि नेहमीचे ज्येष्ठ. यानं काय फरक पडतो?

जुनी_पेठ
पडतो. मुलं असतील तर आकडे कमी आणि दुवे जास्त सांगावे लागतात. आता मुद्द्यावर.

२७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत फौजा पोलंडमधल्या नाझींच्या आऊश्विट्झ छावणीत शिरल्या, तेव्हा तिथे सुमारे सात हजार कैदी उरले होते. या तारखेला आंतरराष्ट्रीय दिवस करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांनी १ नोव्हेंबर २००५ ला केला, क्रमांक ६०/७. त्याच्या मजकुरात तुमचं उत्तर आहे: ज्यू समाजाच्या एक तृतीयांश लोकांची हत्या, आणि 'त्यांच्यासोबत' इतर अल्पसंख्याकांतले असंख्य. म्हणजे केंद्र ठरलेलं आहे आणि दारही उघडं ठेवलेलं आहे. तुमचे दोन्ही तट अर्धा अर्धा ठराव वाचून भांडतायत.

एकट्या आऊश्विट्झचा हिशेब बघा. मृत सुमारे ११ लाख. त्यांत ज्यू सुमारे १० लाख, बिगरज्यू पोलिश ७० ते ७५ हजार, रोमा (ज्यांना 'जिप्सी' म्हणत) सुमारे २१ हजार, सोव्हिएत युद्धकैदी सुमारे १४ हजार, शिवाय इतर. 'फक्त ज्यू' म्हटलं तर लाखभर माणसं गळतात. 'सर्व धर्मांचे, सर्व देशांचे लोक' म्हटलं तर दहातल्या नऊ जणांना ज्यू म्हणूनच मारलं हे झाकलं जातं. दुसरी चूक जास्त घडते, कारण ती ऐकायला उदार वाटते.

निपाणीकर_तात्या
जुनी पेठ, हे तुमचं नेहमीचं. ब्रिटनमध्ये २००१ पासून हा दिवस पाळतात आणि तिथे कंबोडिया, रवांडा, बोस्निया, दारफूर हे सगळे घेतात. तरी मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटननं २००७ पर्यंत बहिष्कार टाकला, त्यांना सगळ्याच संहारांसाठी दिवस हवा होता. मग इथल्या पोरांना १९७१ चे ३० लाख बंगाली का सांगायचे नाहीत? बांगलादेश २०१७ पासून २५ मार्च पाळतोय. आर्मेनियन २४ एप्रिल पाळतात. सगळे घ्या, विषय संपला.

जुनी_पेठ
तात्या, उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. ब्रिटनच्या यादीत आर्मेनियन नाहीत, कारण तिथे नाझी छळ आणि त्या*नंतरचे* संहार अशी रेघ आहे आणि आर्मेनियनांचा संहार १९१५ चा. यादी वाढवली की भांडण संपत नाही, फक्त रेघ पुढे सरकते आणि रेघेबाहेरचा नवा माणूस दारात येतो. ३० लाख हा बांगलादेशचा अधिकृत आकडा आहे, अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. सहा मिनिटांत आकड्यावर हात वर झाला की बाकीचं वाचन बुडालं.

'सगळे संहार' ही यादी करून बघाच. वंशसंहाराविरुद्धच्या १९४८ च्या कराराचं दुसरं कलम राष्ट्रीय, वांशिक, वंशीय आणि धार्मिक गटांपुरतं आहे, राजकीय गट त्यात नाहीत. म्हणून कंबोडियात ख्मेर रूज नेत्यांवरच्या २०१८ च्या निकालात संहाराचा गुन्हा व्हिएतनामी आणि चाम लोकांबाबत सिद्ध झाला. मेलेले बहुसंख्य ख्मेर मात्र त्या कलमात बसत नाहीत, त्यांच्यासाठी मानवतेविरुद्धचे गुन्हे लावले. हे तुम्ही वाचनालयात मतदानानं ठरवणार का?

निपाणीकर_तात्या
कायद्याची कलमं मेलेल्याला सांगा.

हिंडलगा_नाका
सगळे म्हणताय तर १७ जानेवारीही घ्या. सीमालढ्यातला १९५६ चा गोळीबार आणि १ जून १९८६ चे हुतात्मे. दहा दिवसांचंच अंतर आहे, एकत्र श्रद्धांजली होऊन जाईल.

खानापुरी_मिरची
नको. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं, १ जूनला हिंडलग्याला होतं. त्यांना स्वतःची तारीख आहे, स्वतःची जागा आहे आणि येणारी माणसं आहेत. आंदोलकांवरचा गोळीबार वेगळा आणि एखादा समाज मुळासकट संपवायची सरकारी योजना वेगळी. एकत्र वाचलंत की हुतात्म्यांचा प्रश्न हास्यास्पद करायला विरोधकांना आयतं कोलीत मिळतं, आणि सभागृहातले कन्नड ज्येष्ठ पहिल्या मिनिटाला उठून जातात.

हिंडलगा_नाका
म्हणजे आमचं दुःख लहान?

खानापुरी_मिरची
लहान-मोठं कुणी म्हटलं? हुतात्मा दिनाला कुणी येऊन म्हणालं 'आज सगळ्याच राज्यांच्या सगळ्याच आंदोलनांतल्या मृतांना श्रद्धांजली', तर तुम्ही माईक द्याल का? मग ज्यूंनी का द्यावा?

अनगोळची_अक्का
भांडा वो, पण मजकूर कन्नडमधे कोण लिहिणार ते आधी सांगा की. अर्धे ज्येष्ठ कन्नड असतात त्या सभागृहात. मराठीत सहा मिनिटं आणि परत कन्नडमधे सहा मिनिटं वाचलासा तर पोरं मोबाईल काढतात. एक परिच्छेद मराठी, पुढचा कन्नड असं करा, भाषांतर नको. आणि फलक कापडी करा, वरती कन्नड, खाली मराठी, अक्षरं सारख्या उंचीची. ६० टक्के कन्नडचा नियम दुकानांच्या नामफलकांचा आहे, पण हॉलच्या दारात कुणी तो काढून बसलं तर तुमचा कार्यक्रम बाजूला राहील.

वळिवडे_वाट
कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. बेळगावहून दोन-अडीच तासांवर. हा स्थानिक धागा मुलांना लगेच पटेल. त्याच्यापासूनच सुरुवात करा.

जुनी_पेठ
पटेल, पण चुकीचा पटेल. वळिवड्याचे लोक बहुतांश पोलिश कॅथलिक. त्यांना १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून सैबेरिया-कझाकस्तानकडे हाकललं, तिथून इराणमार्गे ते इकडे आले. हा स्टालिनचा गुन्हा. आऊश्विट्झमध्ये शिरली ती त्याच स्टालिनची फौज. मुलांसमोर दोन्ही एका दमात ठेवलंत तर 'छावणी' हा एकच शब्द लक्षात राहतो आणि कुणी कुणाला का मारलं हे सुटतं. वळिवड्यावर स्वतंत्र कार्यक्रम करा, तो चांगलाच होईल.

कुंदाप्रेमी
पणत्यांबद्दल: फरशीवर ठेवू नका, तेल झिरपून डाग पडतो. पितळी परातीत दोन बोटं वाळू घाला, त्यात पणत्या रोवा. वाती आधी तेलात भिजवून ठेवा, नाहीतर पेटायला वेळ लागतो आणि माईकवाला तिष्ठत बसतो. परातीवरचा पंखा बंद. काडेपेटी नको, गॅसचा लांब लायटर घ्या.

शहापूरचा_सूर्या
पणती कशी लावायची हे मी विचारलं नव्हतं. सहा की अकरा?

मार्कंडेय_काठ
सहा. इस्रायलच्या याद वाशेम स्मारकाच्या समारंभात ६० लाखांसाठी सहा मशाली पेटवतात, तशी पद्धत इतरत्रही आहे. 'अकरा' ही १ कोटी १० लाखांवरून येते: ६० लाख ज्यू आणि ५० लाख इतर. हा ५० लाखांचा आकडा नाझी गुन्हेगारांचा माग काढणारे सायमन विझेन्थाल यांनी रूढ केला, पुढे अमेरिकी सरकारी कागदांतही गेला. येहुदा बाउअर यांच्यासारख्या इतिहासकारांनी तो साफ नाकारला. तो कुठल्याच मोजणीतून येत नाही. छावण्यांत मारलेले बिगरज्यू मोजले तर आकडा त्याहून बराच कमी, आणि नाझींनी मारलेले सगळे बिगरज्यू नागरिक व युद्धकैदी मोजले तर कितीतरी जास्त. नुसते सोव्हिएत युद्धकैदीच सुमारे ३३ लाख मेले. तेव्हा सर्वसमावेशक दिसायला म्हणून अकरा लावाल आणि पायाच खोटा निघेल. सहा लावा, हवी तर सातवी बाकी सगळ्यांसाठी, थोडी बाजूला.

निपाणीकर_तात्या
बाजूला! हीच तर तक्रार आहे. रोमा कायम बाजूलाच. पश्चिम जर्मनीनं त्यांचा वंशसंहार मान्य केला १९८२ मध्ये, बर्लिनचं स्मारक झालं २०१२ मध्ये. ज्यूंचं २००५ मध्ये झालं होतं. आणि रोमा तर मूळचे आपल्याकडचे. त्यांचे आकडे बघा: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. आपल्या माणसांना सातवी पणती?

खानापुरी_मिरची
आपले म्हणून घ्यायचे की मारले गेले म्हणून? आपले म्हणून घेत असाल तर ज्यूंना का घेताय?

मार्कंडेय_काठ
तात्यांची तक्रार मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय जर्मनीत आहे. तिथे १९९६ पासून २७ जानेवारी हा राष्ट्रीय सोशलिझमच्या *सर्व* बळींचा दिवस. पण संसदेच्या सभेत दर वर्षी सगळ्यांची यादी वाचत नाहीत, अधूनमधून एखादा गट पुढे आणतात. २०११ ला झोनी वाइस हे सिंती (रोमांपैकीच एक गट) वक्ते, २०१७ ला 'इच्छामरणा'च्या नावाखाली मारलेले अपंग आणि मनोरुग्ण, २०२३ ला समलिंगी बळी. तुम्हीही यंदा ज्यूंच्या जोडीला एक गट घ्या, त्याला पूर्ण दीड मिनिट द्या. पुढच्या वर्षी दुसरा. दहा गटांची नावं दहा सेकंदांत उरकणं म्हणजे हजेरी घेणं.

यंदा अपंगांचा गट घ्या असं मी सुचवीन, कारण त्यांचा दुवा सरळ दिसतो. 'टी-४' योजनेत जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ दरम्यान सुमारे ७० हजार रुग्ण वायूनं मारले. तीच पद्धत आणि त्यातलीच बरीच माणसं पुढे बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका या मृत्युछावण्यांत गेली. कुणाला घ्यायचं याची कसोटी हीच ठेवा: त्याच यंत्रणेनं, त्याच विचारानं मारले का? 'आम्हाला कुणाबद्दल वाईट वाटतं' ही कसोटी लावलीत तर यादीला अंत नाही.

बेणे_वाचक
आपल्याकडे मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू आहेत. एखाद्यांना बोलावून कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायला सांगा, छान वातावरण होईल.

जुनी_पेठ
दोन अडचणी. कोकणातल्या बेने इस्रायलींवर हा संहार झाला नाही, त्यांना 'बळींचे प्रतिनिधी' करून व्यासपीठावर बसवणं बरं नव्हे. श्रोते म्हणून, वक्ते म्हणून जरूर बोलवा. आणि कद्दिशला परंपरेनं दहा प्रौढ ज्यूंचा मिन्यान (प्रार्थनेचा गट) लागतो, ती वातावरणनिर्मिती नाही. एक मिनिट उभं राहून शांतता पुरेशी आहे.

अनगोळची_अक्का
फलकावर नाझींचं ते तिरकं चिन्ह घालू नका वो. इकडच्या दारादारांवर स्वस्तिक असतंय. लोक तेवढ्यावरच वाद घालत बसतील.

खानापुरी_मिरची
आणि प्रश्नोत्तरं ठेवूच नका. 'हिटलर शिस्तीचा होता' म्हणणारा एक तरी उठतोच, त्याचं आत्मचरित्र पुस्तकांच्या प्रत्येक ठेल्यावर मांडलेलं असतं. त्याला उत्तर सहा मिनिटांत मिळत नाही. ठेवायचेच तर चिठ्ठीवर लिहून घ्या, पुढच्या आठवड्याच्या बैठकीत उत्तरं द्या.

शहापूरचा_सूर्या
ठीक. पहिला परिच्छेद असा लिहिलाय, तपासा:

'२७ जानेवारी १९४५ रोजी आऊश्विट्झची छावणी मुक्त झाली. नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी युरोपातल्या सुमारे ६० लाख ज्यूंची, ते ज्यू होते म्हणून, हत्या केली. त्याच राजवटीने रोमा आणि सिंती, अपंग आणि मनोरुग्ण, पोलिश नागरिक, सोव्हिएत युद्धकैदी यांना मारले. समलिंगी पुरुष, यहोवाचे साक्षीदार आणि राजकीय विरोधक यांना छावण्यांत डांबले, त्यांतले अनेक परतले नाहीत. जगात इतरत्र झालेल्या संहारांचे स्मरण वाचनालय ९ डिसेंबरला करील.'

शेवटचं वाक्य तात्यांसाठी. संयुक्त राष्ट्रांचा सर्व संहारांच्या बळींसाठीचा दिवस तोच आहे ना?

जुनी_पेठ
तोच. १९४८ चा करार त्या तारखेला मंजूर झाला, दिवस २०१५ मध्ये ठरला. परिच्छेद चालेल. सहा मिनिटांना मराठी-कन्नड मिळून साधारण साडेपाचशे शब्द धरा, विरामांसकट. हा साठ-सत्तर शब्दांचा झाला, अपंगांवरचा भाग दीडशेत बसवा. 'मुक्त झाली' ऐवजी 'सोव्हिएत फौजांनी मुक्त केली' लिहा. कर्ता गाळलात की एखादा ज्येष्ठ अमेरिकेला श्रेय देतो.

निपाणीकर_तात्या
९ डिसेंबरची यादी मी करणार.

खानापुरी_मिरची
करा. फक्त नावं कुठल्या निकालावरून घेतली ते प्रत्येकापुढे लिहा. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साला २००७ चा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल आहे, रवांडाला तिथल्या खास न्यायाधिकरणाचे निकाल आहेत. निकाल नसलेली नावं वेगळ्या कागदावर ठेवा, म्हणजे वाद कुठे होणार ते आधी कळेल.

निपाणीकर_तात्या
रवांडाला फक्त तुत्सी लिहायचं की मारलेले हुतूही?

मार्कंडेय_काठ
संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ७ एप्रिलच्या दिवसाचं नाव 'तुत्सींविरुद्धचा १९९४ चा संहार' असं केलं. विरोध करणारे हुतूही मारले गेले, ते मजकुरात घ्यायचे, शीर्षकात नाही. पण हे इथे नको. ९ डिसेंबरसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो.

कुंदाप्रेमी
सातवी पणती ठेवणार असाल तर परात मोठी लागेल, अठरा इंची घ्या.