गुन्हा कुठला ते तरी बघा

"नावावर गुन्हा असला की आसरा नाही, विषय संपला" असं परक्या देशात आसरा मागणाऱ्या निर्वासितांबद्दल वर एकाने लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. 1951 च्या निर्वासित करारातच गंभीर आणि बिगर-राजकीय गुन्हा करून आलेल्याला बाहेर ठेवलंय, म्हणजे खुन्याला दार उघडं आहे असं काही नाही. भानगड होते ती 'गंभीर' कशाला म्हणायचं तिथे. अमेरिकेत साध्या चोरीला वर्षभराची शिक्षा सुनावली, आणि ती स्थगित होऊन माणूस एक दिवसही आत गेला नाही, तरी कायद्याने तो मोठा गुन्हा धरतात आणि आसऱ्याचा अर्ज बाद!

आपल्या गोव्यात तर सगळं उलटंच. भारताने त्या करारावर सहीच केलेली नाही, पण परदेशी माणसावर इथे केस चालू असली तर ती संपेपर्यंत त्याला सहसा परत पाठवता येत नाही. मागे चेक बाऊन्सच्या केससाठी म्हापशाला कोर्टात बसलो होतो, बाजूला एक परदेशी पोरगा, पायात रबरी चप्पल, प्लास्टिकच्या पिशवीत पासपोर्टची झेरॉक्स. त्याचा वकील माझ्या वकिलाला हसत सांगत होता, व्हिसा कधीच संपलाय हो, मारामारीची किरकोळ केस आहे म्हणून तर राहिलाय. म्हणजे गुन्ह्याची नोंद हाच राहायचा परवाना! त्या दिवशी साहेब रजेवर होते, त्यालाही पुढची तारीख मिळाली आणि मलाही, तो मात्र खूश होऊन गेला.