वेर्झास्का आणि बाव्होना : दोन दिवसांत दोन्ही खोरी होतील का?

पायवाट_७

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी चौघांचा बेत आहे. झुरिचहून रेल्वेने लोकार्नो, आणि तिथून दक्षिण स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतातली दगडी गावं पायी बघायची. शनिवारी वेर्झास्का खोरं (कोरिप्पो, लावेर्तेत्सो), रविवारी बाव्होना खोरं (फोरोल्योचा धबधबा) असं कागदावर मांडलं आहे. तिघांना सह्याद्रीत चालायची सवय आहे, चौथ्यांचं वय ६२ आणि उतारावर गुडघे कुरकुरतात. गाडी नाही, तंबू आहे. प्रश्न तीन : दोन्ही खोरी जमतील का, रात्री कुठे राहायचं, आणि बुटांपलीकडे काय लागेल?

दगडवाट

दोन्ही नको. नकाशावर ही खोरी शेजारी दिसतात, पण मधली धार २,००० मीटरच्या वर आहे. बसने जायचं तर एकातून पार खाली लोकार्नोला उतरून दुसऱ्यात पुन्हा वर चढायचं. रविवारची अर्धी सकाळ बसमध्येच जाईल आणि फोरोल्योला पोचाल तेव्हा परतीच्या बसची वेळ बघत बसाल. एकच खोरं धरा, आणि गुडघ्यांचा विचार करता ते वेर्झास्काच असू द्या. इथली वाट नदीच्या काठाने जाते, गाडीरस्ता जवळपास सगळीकडे हाकेच्या अंतरावर असतो, आणि त्यावरून ३२१ क्रमांकाची पिवळी बस सोनोन्योपर्यंत धावते. कोणाचे पाय बोलू लागले तर पुढच्या गावात बसमध्ये बसवायचं, बाकीच्यांनी चालत यायचं. अशी सोय आल्प्समध्ये फार ठिकाणी मिळत नाही.

शनिवार : लोकार्नोच्या अलीकडच्या तेनेरो स्थानकावर उतरून मेर्गोशाची बस घ्या. गाव ७३१ मीटरवर, चर्चसमोरून वोगोर्नोचा जलाशय खाली दिसतो. तिथून कोरिप्पो (५६३ मीटर) सुमारे अडीच तास. आकडे बघून हा निव्वळ उतार वाटतो आणि लोक इथेच फसतात. वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते, प्रत्येक ओढ्याला आत वळून खाली उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते. कोरिप्पोहून लावेर्तेत्सो आणखी तासभर.

गुडघेवाल्यांनी मेर्गोशाचा टप्पा सोडावा. ३२१ ने कोरिप्पोच्या फाट्यावर उतरावं, गावात वर चढावं आणि बाकीच्यांची वाट बघावी. कोरिप्पो त्या प्रतीक्षेच्या लायकीचं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये वेर्झास्का नगरपालिकेत विलीन होईपर्यंत ती देशातली सर्वांत लहान नगरपालिका होती. घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी, छपरांवर कौलांऐवजी दगडी फरश्या. त्यांना तिथे 'प्योदे' म्हणतात. जुन्या भिंती पुष्कळ ठिकाणी चुन्याशिवाय, नुसत्या रचलेल्या आहेत, तेव्हा फोटोसाठी बांधावर चढू नका. एक दगड निसटला की त्याच्यावरचे चार येतात.

रविवार : लावेर्तेत्सोहून सोनोन्यो (९१८ मीटर), सुमारे १३ किलोमीटर, चालण्याचे चार तास. अर्ध्यावर ब्रिओने. तिथल्या चर्चमध्ये चौदाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, ती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ब्रिओनेनंतर खोरं रुंदावतं, कुरणं लागतात, वाट सपाट होते. फ्रास्कोनंतर सोनोन्यो, आणि अंगात बळ उरलं असेल तर गावामागे अर्ध्या तासावर फ्रोदा धबधबा.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर चालण्याची वेळ लिहिलेली असते, त्यात विश्रांती धरलेली नसते. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर या हिशेबाने तो आकडा काढतात. तुमच्या गटासाठी त्यात निम्मी भर घाला, म्हणजे चार तासांचे सहा. आणि निघण्याआधी सोनोन्योहून परतीच्या शेवटच्या दोन बसच्या वेळा लिहून ठेवा. शेवटचीच धरून चालू नका, शेवटून दुसरी धरा.

रानमेवा

वेर्झास्काबद्दल सहमत, पण बाव्होनाची बाजू कोणी मांडायला हवी. लावेर्तेत्सोच्या दुहेरी कमानीच्या पुलावर शनिवारी दुपारी मुंगीला जागा नसते. बाव्होनात तसं नाही. त्या खोऱ्यात वरच्या धरणांची वीज तयार होते, तारा खोऱ्यातूनच जातात, तरी वीजजोडणी फक्त वरच्या टोकाच्या सान कार्लोला. बाकीच्या वस्त्या अजून त्याविनाच आहेत, आणि हिवाळ्यात तिथे कोणी राहत नाही. प्रचंड शिळांच्या खाली भिंत घालून केलेल्या खोल्या (तिथे 'स्प्लुई' म्हणतात) आणि शिळांच्या माथ्यावर माती नेऊन तयार केलेले वाफे. जमीन किती महाग पडत असेल याचा अंदाज तेवढ्यावरून येतो.

फोरोल्योचा धबधबा सुमारे ११० मीटरचा. त्याच्या शेजारून दगडी पायऱ्यांनी वर चढलं की काल्नेजा नावाचं वरचं खोरं उघडतं. पण या पायऱ्या उभ्या आहेत आणि तोच रस्ता उतरायचा आहे. ६२ च्या गुडघ्यांना तो उतार देऊ नका.

शिवाय २९-३० जून २०२४ च्या रात्रीच्या वादळी पावसात या खोऱ्याला मोठा तडाखा बसला. फोंतानाजवळ दरड आली, खालच्या माज्जा खोऱ्यात विस्लेत्तोचा पूल कोसळला. त्यामुळे जुन्या नकाशावर किंवा जुन्या ब्लॉगवर विसंबून जाऊ नका. पायवाट कुठून वळवली आहे आणि बिन्यास्कोहून सान कार्लोची बस चालू आहे का, हे त्याच आठवड्यात तपासा. ती बस हंगामी आहे, बाराही महिने नसते. पुढच्या खेपेला पूर्ण दोन दिवस याच खोऱ्याला द्या.

टाचेचाफोड

पावसाचं सांगतो, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात बेत तिथेच मोडतो. भूमध्य समुद्राकडून येणारी दमट हवा आल्प्सच्या दक्षिण उतारावर आदळते आणि तिथेच रिकामी होते. शेजारच्या खोऱ्यातल्या कामेदोला २६ ऑगस्ट १९८३ रोजी एका दिवसात ४५५ मिलिमीटर पाऊस पडला होता, हा देशातला विक्रम. म्हणजे सह्याद्रीवाल्यांना ओळखीचा पाऊस, फक्त थंड. हवामान खात्याच्या ॲपवर त्या भागाला पावसाचा तिसऱ्या पातळीचा किंवा वरचा इशारा असेल तर तारीख बदला. ओढे तासाभरात फुगतात.

ओला नाइस (gneiss, तिथला पट्टेदार कठीण खडक) आणि त्यावर चेस्टनटची पानं, हे समीकरण सगळ्यात वाईट. पाय घसरतो तो चढताना नाही, पायऱ्या उतरताना. दगड झिजून बाहेरच्या बाजूला उताराचे झालेले असतात, म्हणून टाच आधी टेकवायची नाही, सबंध तळवा ठेवायचा. तळ खोल खाचांचा आणि मऊ रबराचा हवा. झिजलेले जुने बूट घरीच राहू द्या. गुडघेवाल्यांना दोन काठ्या, एक नाही. उतरताना त्या कोपराच्या काटकोनापेक्षा थोड्या लांब करायच्या.

नदीत उतरायचा मोह होईलच. पाणी इतकं नितळ आहे की तळ प्रत्यक्षापेक्षा वर दिसतो, म्हणून उथळ वाटलेला डोह डोक्यावरून जातो. वर पाणी शांत, आणि खाली दगडांच्या फटींत ओढ. भर उन्हाळ्यातही थंडीचा झटका बसून श्वास अडकतो. सप्टेंबरअखेरीस पाय बुडवा, तेवढंच. पुलावरून उडी मारणाऱ्यांकडे बघून स्वतःचा अंदाज बांधू नका.

पाण्याची बाटली प्रत्येकी दीड लिटर पुरते, गावांतल्या हौदांवर भरता येते. 'नॉन पोताबिले' लिहिलेल्या नळाचं पिऊ नका. रोख फ्रँक थोडे जवळ ठेवा. नदीकाठच्या ग्रोत्तोंमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या दगडी खानावळींत, दरवेळी कार्ड चालतंच असं नाही.

पायवाट_७

बाव्होना रद्द. पण तंबू नदीकाठी लावता येईल का? आणि वाटेवर मध्येच लाल-पांढरी खूण दिसली तर ती वेगळी वाट समजायची का?

दगडवाट

तंबू नको. वेर्झास्का खोऱ्यात कुठेही तंबू ठोकायला मनाई आहे, दंड होतो. खालच्या तेनेरोला अधिकृत कॅम्पसाइट आहेत, पण शनिवारी संध्याकाळी तिथे परत यायचं तर चालण्याची दिशा मोडते. त्यापेक्षा लावेर्तेत्सो, ब्रिओने किंवा सोनोन्योला खोली बघा. कोरिप्पोतही जुन्या घरांत विखुरलेलं हॉटेल २०२२ पासून आहे, पण खोल्या मोजक्या. चौघांसाठी आत्ताच बुक करा. लावेर्तेत्सोला मिळालं नाही तर शनिवारी बसने वर ब्रिओनेला जाऊन राहायचं आणि रविवारी सकाळी पहिल्या बसने खाली लावेर्तेत्सोला यायचं. वाट एकही पाऊल कमी होत नाही.

खुणांचं असं. साधी पिवळी म्हणजे कोणालाही जमणारी वाट. पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरवाट, त्यात उभे, अरुंद टप्पे येतात. तुमच्या मार्गावर ती दिसेल, घाबरू नका, तुम्ही वाट चुकलेले नाही. पांढरी-निळी-पांढरी दिसली तर मात्र थांबा. ती दोर आणि कड्याचं काम असणारी आल्पाइन वाट, आणि तुमच्या मार्गात ती कुठेच नाही.

टाचेचाफोड

आणीबाणीचे क्रमांक : हवाई बचाव १४१४, रुग्णवाहिका १४४, कुठूनही ११२. बचाव पथकाचं 'रेगा' ॲप घालून ठेवा, ते तुमचं ठिकाण त्यांना थेट कळवतं. अरुंद वळणांवर नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. आणि हेडलॅम्प (डोक्याला बांधायचा टॉर्च) ठेवाच. सूर्यास्त पंचांगात सातनंतरचा असला तरी या खोऱ्यात धारेआड ऊन त्याच्या किती तरी आधी जातं.