शब्दचर्चा : गाडीतली सोय 'सक्रिय' करायची, की सोडवून घ्यायची?

दांडियाबाजार :

बडोद्यात भाषांतराचं काम करते. सध्या एका गाडीच्या मोबाइल ॲपमधला मजकूर मराठीत आणतेय आणि एका वाक्यापाशी तीन दिवस अडलेय. मुद्दा साधा आहे. गाडी घेताना जी सोय घेतली नव्हती, ती नंतर पैसे भरून नुसत्या सॉफ्टवेअरने चालू होते. यंत्र, वायरी सगळं गाडीत आधीपासून बसवलेलं असतं. माझ्याआधी कुणीतरी केलेला मसुदा असा: 'आपल्या वाहनातील वैकल्पिक वैशिष्ट्ये खरेदीपश्चात सक्रिय करा.'

बाबांना वाचून दाखवला. 'पश्चात' कानावर पडताच म्हणाले, "कोण गेलं?" खरंच आहे. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे' हे सोडलं तर हा शब्द हल्ली भेटतो कुठे? हसून झाल्यावर बाबांनी नेमकी शंका काढली, "पण खरेदी कशाची? गाडीची की त्या सोयीची?" म्हणजे 'खरेदीनंतर' लिहिलं तरी घोळ तसाच राहतो, कारण इथे खरेद्या दोन आहेत. शेवटी 'गाडी घेतल्यानंतरही' असं केलं. त्या 'ही'ने काम झालं.

'वैकल्पिक'ही काढला. व्याकरणात ठीक आहे, पण मराठीत 'मनात विकल्प येणं' म्हणजे शंका येणं. शिवाय विकल्प म्हटलं की हे किंवा ते, असं दोनांतलं एक येतं. इथे तसं नाही, हवं तर घ्या, नको तर राहू द्या. त्याला शाळेपासून ओळखीचा 'ऐच्छिक' आहे. 'वैशिष्ट्य'सुद्धा गेलं. बसायची जागा गरम होणं हे वैशिष्ट्य कसलं? ती सोय.

आता उरलं क्रियापद. 'सक्रिय करा' मला पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. काय म्हणाल?

मकरपुरा :

ताई, आमच्या गॅरेजात याला 'कोडिंग मारणं' म्हणतात. रिचार्ज मारतात तसंच. कंपनीकडून पैसे भरून नाही, आम्ही लॅपटॉपवरून करतो तेव्हा. कालचंच सांगतो. एक काका गाडी घेऊन आले. बटण दाबलं की आरसे मिटायचे, पण चावीने गाडी लॉक केली तर नाही. शोरूमवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं, "मग टॉप मॉडेल घ्यायचं होतं ना." आम्ही बॅटरीला चार्जर लावला, कारण कोडिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर भलतंच होऊन बसतं. स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट असतं, त्यात केबल लावली, इग्निशन चालू, इंजिन बंद. यादीत ती ओळ सापडली, समोर शून्य. शून्याचा एक केला. काकांनी बाहेर जाऊन चावी दाबली आणि दोन्ही आरसे कान मिटावेत तसे आत आले. काका काही बोलले नाहीत, चारदा लॉक-अनलॉक करून बघितलं फक्त.

पण मोटर नसलेल्या आरशाला कितीही कोडिंग मारा, तो मिटणार नाही. गिऱ्हाइकाला हे समजवायलाच जास्त वेळ जातो.

'खोलून दिलं' असं मात्र लिहू नका. इथे गुजराती ऐकून ऐकून आपली पोरं 'लॉक खोल' म्हणतात खरी, पण मराठी मेकॅनिकला 'खोललं' म्हणजे इंजिन सुटं करून फडक्यावर मांडलं.

पेठेतला :

पुण्याहून विचारतो. 'कार्यान्वित करणे' हा सरळ, प्रतिष्ठित शब्द असताना एवढी शोधाशोध कशासाठी? (आणि लिहिताना 'न्वि' ऱ्हस्व. अर्ध्या सरकारी फलकांवर दीर्घ असतो.)

दांडियाबाजार :

योजना कार्यान्वित होते, जलशुद्धीकरण केंद्र कार्यान्वित होतं. ते ऐकलं की फीत आणि कात्री डोळ्यांपुढे येते. गाडीतल्या आरशासाठी फार होतं हो ते. 'सक्रिय'चं दुखणं आता थोडं लक्षात येतंय. सक्रिय माणूस असतो. सक्रिय सदस्य, सक्रिय राजकारण. जो आधी आळसावला होता तो सक्रिय होतो. इथे सोय आळशी नव्हती, तिला कुणीतरी अडवून ठेवलं होतं. आणि ते अडवणं कुठल्याच शब्दात येत नाहीये.

कमाटीबाग :

ते अडवणं आणणारा शब्द तुमच्या घरात असेल. बाबांना विचारा, नवी गाडी शोरूममधून घरी आणली की ते काय म्हणतात?

आमच्या बडोद्यात तीन पिढ्या मराठी घरांतही 'गाडी सोडवली' म्हणतात. गुजरातीत 'गाडी छोडावी' म्हणजे पैसे भरून नवी गाडी ताब्यात घेतली. तेच आपण मराठीत ओढून आणलं. माझ्या लग्नात पुण्याच्या मंडळींपुढे वडील म्हणाले, "गेल्या महिन्यात स्कूटर सोडवली." व्याह्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, गहाण होती.

पण गंमत बघा, पुण्याचा अर्थसुद्धा इथे बसतो. दागिना गहाणातून सोडवतात. आणि आमच्या लहानपणी व्ही.पी.ने पुस्तकं यायची. पोस्टमन पार्सल दारात घेऊन उभा, वर आपलं नाव, आत आपलं पुस्तक, पण पैसे मोजल्याशिवाय हातात नाही. त्याला म्हणायचे 'व्ही.पी. सोडवून घेणं'. तुमच्या गाडीतली सोय ही अशीच व्ही.पी. आहे. वस्तू दारात काय, घरात येऊन बसली आहे, फक्त सोडवायची राहिली आहे.

'खुली करणे' सुचवणारा कुणी येईल म्हणून आधीच सांगतो. 'खुलं' मराठीत बहुधा सगळ्यांसाठी असतं. बाग खुली, प्रदर्शन खुलं. एकट्या माझ्यासाठी पैसे घेऊन उघडलं त्याला 'खुलं' म्हणणं जिवावर येतं.

पेठेतला :

'स्कूटर सोडवली' हे मी ऐकलं असतं तर मीही गहाणच समजलो असतो. पण 'व्ही.पी. सोडवणे' आमच्या घरीही होतं, ते मान्य. तरी शंका आहेच. सोडवून घेतलेली वस्तू कायमची आपली होते. इथे तर महिन्याचे पैसे मागतात ना? बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये दक्षिण कोरियासारख्या काही देशांत गरम बैठकीसाठी महिन्याला सुमारे १८ डॉलर लावले होते. लोक इतके चिडले की २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केलं. मर्सिडीजच्या ईक्यूएस या विजेच्या गाडीत मागची चाकं ४.५ अंश वळायची, ती १० अंश वळवायला जर्मनीत वर्षाला ४८९ युरो होते. दर वर्षी सोडवायचा दागिना मी तरी पाहिला नाही.

कमाटीबाग :

पाहिला नसेल, पण व्याज भरलं असेल की!

बरं, गंभीरपणे. एकरकमी असेल तर 'सोडवून घ्या', हप्त्याने असेल तर 'वर्गणी'. इथे शब्दानेच गिऱ्हाइकाला फरक कळला पाहिजे. दोन्हीला 'सक्रिय करा' म्हटलं की नेमकं तेच झाकलं जातं.

मकरपुरा :

वर्गणी आम्ही गणपतीला देतो. त्यात निदान प्रसाद मिळतो.

दांडियाबाजार :

मासिकाचीही वर्गणीच असते, त्यामुळे तो शब्द मी घेतेय. ॲपच्या मसुद्यात 'सदस्यता' होतं. गरम बैठकीचं सदस्य व्हायचं म्हणजे नक्की काय करायचं, देव जाणे.

मला मात्र तिसराच प्रकार सतावतोय. टेस्लाने २०१६ मध्ये ७५ किलोवॅट-तासांची बॅटरी बसवून गाडी ६० ची म्हणून विकली होती. बाकीची क्षमता सॉफ्टवेअरने अडवलेली. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा चक्रीवादळ येत होतं, लोक शहरं सोडून निघाले, तेव्हा कंपनीने तिथल्या अशा गाड्यांची पूर्ण बॅटरी दूरवरूनच काही दिवसांसाठी वापरू दिली. पैसे घेतले नाहीत. इथे गाडीवाल्याने काहीच सोडवलं नाही. मग काय झालं म्हणायचं?

कमाटीबाग :

'सोडली.' धरणाचं पाणी सोडतात तसं. आजव्याचं पाणी नळाला सोडलं म्हणतो ना आपण? पाणी तलावात होतंच, दार कुणाच्या तरी हातात होतं. 'सोडणे' दार ज्याच्या हातात त्याचं, 'सोडवणे' पैसे भरणाऱ्याचं. एका 'व'चा फरक. किंवा 'मुभा दिली' म्हणा, तेही चालेल. मुभा देणाऱ्याला ती परत घेता येते.

जाता जाता. १९३१ साली याच गावात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. सयाजीराव महाराजांच्या राज्यकारभारासाठी इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे पर्याय शेजारी-शेजारी मांडले होते. मला त्यातली ती मांडणीच आवडते. शेजारच्या भाषेत काय म्हणतात ते आधी बघायचं, मग आपला शब्द ठरवायचा. 'छोडावी' आपल्याला असाच शेजारून मिळालाय.

दांडियाबाजार :

ठरवलं ते सांगते. बटणावर जागा फार कमी, तिथे नुसतं 'चालू करा'. त्याच्या खालच्या ओळीत: 'ही सोय तुमच्या गाडीत आधीपासून आहे. एकदाच पैसे भरून सोडवून घ्या, किंवा दरमहा वर्गणी भरा.' काम देणाऱ्यांनी 'आधीपासून आहे' एवढंच काढून टाकायला सांगितलंय. कारण दिलं, वाक्य लांब होतं.

आणखी एक वाक्य उरलंय. वर्गणी भरली नाही तर मसुद्यात आहे, 'आपले वैशिष्ट्य निष्क्रिय झाले आहे.' 'सोय बंद झाली' करू का?

मकरपुरा :

'झाली' नको ताई, 'केली' लिहा. 'बंद झाली' वाचलं की गिऱ्हाईक 'बंद पडली' समजतं आणि गाडी आमच्याकडे आणतं. मागच्या थंडीत अशी एक आली होती. बैठक गरम होत नाही म्हणून आम्ही फ्यूज तपासला, सीटखालचा कनेक्टर काढून पुसला, अर्धा दिवस गेला. शेवटी मालकाच्या पोराने ॲप उघडलं तर मुदत संपलेली.