मोदकाचा साचा मिळणार नाही

ए-३०२ वैनी : यंदा प्लास्टिकची तोरणं नकोत. दिवाळीला प्रत्येक दारासाठी सुगंधी मेणाचं लटकन करूया. वात नाही, पेटवायचं नाही, नुसतं टांगायचं. रविवारी दुपारी सोसायटीचा हॉल मिळेल का?

सेक्रेटरी काका : मिळेल. गॅस शेगडी नको, इंडक्शन आणा.

बी-१०१ काकू : पेटवायची नाही तर कसली गं मेणबत्ती?

ए-३०२ वैनी : काकू, मेणबत्ती कोण म्हणतंय 😄 कपाटात डांबरगोळ्या ठेवतो, त्याऐवजी हे दारात.

बी-२०४ ताई : साहित्य टाक ना. राजवाड्याकडे जातेय, येताना आणते.

ए-३०२ वैनी : अर्धं मधमाशीचं मेण, अर्धं सोया, म्हणजे सोयाबीनच्या तेलाचं मेण. नुसतं मधमाशीचं घेतलं तर त्याच्याच वासाखाली चंदन-बिंदन दबून जातं. नुसतं सोया मऊ पडतं, दारावर ऊन आलं की वाकणार. २५० ग्रॅम मेणाला १५ ग्रॅम सुगंधी तेल पुरे. हात सैल सोडला तर तेल वर सुटतं आणि लटकनाला घाम फुटल्यासारखं दिसतं.
पातेल्यात पाणी तापवायचं, त्यात दुसरं भांडं, मेण त्या भांड्यात. थेट आचेवर अजिबात नाही. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे घाईची गरजच नाही. भांडं उतरवून मेण ७० च्या आसपास आलं की तेल घालायचं, सावकाश ढवळायचं. साच्यात ओतलं की खरं काम सुरू. कडेनं दुधाळ साय धरायला लागली की वाळा, लवंगा, चक्रीफूल, झेंडूच्या पाकळ्या अलगद टेकवायच्या. आधी टाकल्या तर बुडतात, उशीर केला तर चिकटत नाहीत. झेंडू कडकडीत वाळलेलाच हवा, ओल राहिली की बुरशी येते. दोरीच्या भोकाला स्ट्रॉचा तुकडा उभा करायचा.

बी-२०४ ताई : तेलाऐवजी रूम स्प्रे मारला तर?

ए-३०२ वैनी : नको गं बाई! त्यात अल्कोहोल असतं, गरम भांड्याजवळ भडका उडेल. तेलातलं अत्तर चालतं. मोगरा, केवडा, काय हवं ते.

ए-१०२ दादा : रंगाला हळद टाका की, घरचीच हाय.

ए-३०२ वैनी : दादा, हळद तळाला बसते. खायचा रंग पाण्यातला, तो मेणात मिसळत नाही. मुलांचे मेणाचे खडू किसून घाला. मेणबत्तीत त्यानं वात तुंबते, आपल्याला वातच नाही. तसंही मधमाशीचं मेण पिवळंच असतं.

सी-३०१ आजोबा : मेण महाबळेश्वरहून मागवा. तिकडचं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, आम्ही पाहून आलोय. मध काढून घेतल्यावर जुनी पोळी वितळवली की मेण मिळतं. आमचा मुलगा शनिवारी जाणार आहे, किती ते सांगा.

ए-३०२ वैनी : आजोबा, एक किलो! 🙏

सेक्रेटरी काका : भांडी बेसिनमध्ये धुवायची नाहीत. गेल्या दिवाळीत कोणी तरी मेण ओतलं आणि डक्टमधला पाईप पार दगड झाला. प्लंबरचे पैसे सगळ्यांच्या मेंटेनन्समधून गेलेत. भांडं गरम असतानाच रद्दी पेपरनं पुसायचं. आणि मेणानं पेट घेतलाच तर पाणी मारायचं नाही, जळतं मेण उडतं. इंडक्शन बंद, वर ताटली झाकायची. वाळूची बादली मी ठेवतो.

बी-२०४ ताई : साच्यांचं काय? काकू, तुमचा मोदकाचा साचा कसला सुबक आहे, त्यात छान होतील.

बी-१०१ काकू : मिळणार नाही.

बी-२०४ ताई : धुवून देऊ ना!

बी-१०१ काकू : केवड्याच्या वासाचे मोदक बाप्पाला दाखवू का मी? साचा माझ्या सासूबाईंचा आहे.

ए-३०२ वैनी : काकूंचं बरोबर आहे. सुगंधी मेण गेलेलं भांडं परत खाण्याला नाही वापरायचं. साबणाचे सिलिकॉनचे साचे मिळतात, नाही तर श्रीखंडाचे रिकामे डबे आणा.

ए-१०२ दादा : श्रीखंडाचे डबे आमच्यात लई हायेत 😂

बी-१०१ काकू : डब्यांना आतून खोबरेल लावा, पटकन सुटेल. मी येते रविवारी. लवंगा टोचायचं काम माझं, मुलांच्या हातात गरम मेण देऊ नका.

सेक्रेटरी काका : दुपारी ३ ला किल्ली माझ्याकडून घ्या. आणि लटकन पणतीच्या वर टांगायचं नाही, हे पण लिहून ठेवा.