मदत हवी आहे : बाबती, साहोत्रा, नाडगौडा यांचा हिशेब जुळत नाही

वाट_चुकला : मोडी कागदाचं लिप्यंतर करून घेतलंय. चौथाई (गावाच्या वसुलीतला मराठ्यांचा चौथा हिस्सा) ३१२।। लिहिलीय आणि तिच्यातलीच बाबती ७८८! पोटातला हिस्सा आख्ख्यापेक्षा मोठा कसा? साहोत्रा, चौथाईतलाच दुसरा हिस्सा, सहा टक्के म्हणतात, तोही जुळत नाही. तारीख फसली (महसुली सन) ११७७. शेवटी 'कुलबाब कुलकानू खेरीज हक्कदार व इनामदार' आहे, त्याचा अर्थ? उद्या संध्याकाळपर्यंत हवंय.

दफ्तरबंद : गाव कुठलं? एकूण आकार किती? आकडे जसेच्या तसे द्या, 'जुळत नाही' यावरून काय सांगणार?

सातबारा_सल्ला : वतनाची जमीन असेल तर आधी सातबारावर भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का बघा. परगणा व कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, पाटीलकी १९६२ च्या. नजराणा भरून वर्ग १ करता येते, तहसीलदारांकडे अर्ज द्या.

वाट_चुकला : जमिनीचा काही संबंध नाही हो. गाव मोगलाई अंमलातलं. तनखा (गावाचा एकूण आकार) १२५०, जहागीर ९३७।।, चौथाई ३१२।।, बाबती ७८८, साहोत्रा १८।।।, नाडगौडा ९।, मोकासा २०६।, सरदेशमुखी (दहावा हिस्सा) १२५.

दफ्तरबंद : ७८८ च्या पुढे काही खूण आहे का? नाडगौड्याच्या पुढे?

वाट_चुकला : दोन्हीकडे बरोबरचं चिन्ह आहे. पुढे उत्तर काहीच नव्हतं म्हणून गाळलं.

दफ्तरबंद : तेच तर उत्तर आहे. उभी रेघ म्हणजे पावली (चार आणे), आडवी म्हणजे आणा. = म्हणजे दोन आणे. पावलीची रेघ नसेल तर रुपये आणि आणे यांच्यामध्ये ८ सारखी खूण घालतात, तो आकडा नव्हे. म्हणून ७८८= म्हणजे ७८ रुपये २ आणे. आणि ९।= म्हणजे ९ रुपये ६ आणे. आता चौथाई मांडा :

बाबती, चौथाईचे २५ टक्के : ७८ रु. २ आ.
साहोत्रा, ६ टक्के : १८ रु. १२ आ.
नाडगौडा, ३ टक्के : ९ रु. ६ आ.
ऐन मोकासा (बाकीचे हिस्से काढून उरलेला), ६६ टक्के : २०६ रु. ४ आ.

बेरीज ३१२ रु. ८ आ. कारकून पक्का होता.

वाट_चुकला : पण साहोत्रा मोकाशातून काढतात ना? बाबती वजा जाता उरतात २३४ रु. ६ आ., त्याचे सहा टक्के चौदाच्या आसपास येतात.

दफ्तरबंद : काढतात मोकाशातून, पण मोजतात पूर्ण चौथाईवर. ऐन मोकासा सरदाराचा, फौजेच्या खर्चासाठी. बाबती राजाची, साहोत्रा पंत सचिवांचा, नाडगौडा राजा देईल त्याचा.

घाटमाथा : सरदेशमुखी आधी बाजूला काढून उरलेल्यावर चौथाई धरतात. मांडणीच चुकलीय.

दफ्तरबंद : मग १२५० मधून १२५ गेले, राहिले ११२५, त्याची चौथाई २८१। झाली असती. कागदात ३१२।। आहे. या कागदापुरती दोन्ही पूर्ण तनख्यावर धरलीत. सगळीकडे असंच असतं असं मी म्हटलेलं नाही.

घाटमाथा : मग सरदेशमुखी जहागिरीतून की वरून? ९३७।। आणि ३१२।। मिळून १२५० होतात, १२५ आले कुठून?

दफ्तरबंद : तळाची बेरीज बघा. १३७५ असेल तर वरून.

वाट_चुकला : तळ फाटलाय.

घाटमाथा : वा!

सागरगोटी : सरदेशमुखी दहावा हिस्सा, म्हणजे युरोपातल्या चर्चच्या दशमांशासारखीच ना?

घाटमाथा : अंक तेवढा सारखा. तो दशमांश धर्मगुरूंच्या आणि चर्चच्या खर्चासाठी, बऱ्याचदा धान्यातच. सरदेशमुखी हा वतनी हक्क, देवाधर्माशी संबंध नाही. शिवाजी महाराजांनी तो दख्खनचे सरदेशमुख म्हणून मागितला. दख्खनच्या सहा सुभ्यांच्या (मोगल प्रांतांच्या) चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहून आणल्या.

जंत्रीवाला : सगळे आकड्यांत अडकलात, तारखेचं काय? कागदात अंक आहे की शब्द?

वाट_चुकला : शब्द. 'सन सबा सबैन मया व अलफ'. ७, ७०, १००, १०००, झाले ना ११७७? त्यात ५९० मिळवून १७६७ आलं.

जंत्रीवाला : अरबी शब्दांत लिहिलेला तो सुहूर सन, फसली नव्हे. ५९९ मिळवा. साल मृगापासून मृगापर्यंत, म्हणून १७७६-७७. नऊ वर्षांचा फरक आहे हा, त्यात पेशवा बदलतो. थोरले माधवराव वारले १७७२ ला. आणि 'कुलबाब कुलकानू' हिशेबात कशाला येईल? ती इनामपत्राची भाषा.

वाट_चुकला : दोन पानं एकत्र टाचलेली होती.

जंत्रीवाला : मग कागद दोन. दुसऱ्यात 'हली पट्टी व पेस्तर पट्टी', 'जल तरु तृण काष्ठ पाषाण' असं सापडतंय का बघा. कुलबाब कुलकानू म्हणजे सगळ्या बाबी, सगळे कर. हली पट्टी चालू, पेस्तर पट्टी पुढे बसणारी. 'खेरीज हक्कदार व इनामदार' म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील यांचे हक्क आणि आधीची इनामं सोडून बाकीचं इनामदाराला. त्या पानाची तारीख स्वतंत्र काढा, पहिल्याची लावू नका.

सातबारा_सल्ला : इनाम निघालं ना शेवटी! सातबारावर 'जुडी (इनामावरचा हलका सारा) किंवा विशेष आकारणी'चा रकाना बघाच.

वाट_चुकला : दुसऱ्या पानात 'पेस्तर पट्टी' आहे. मी 'पेस्तर' हे आडनाव समजलो होतो. आता 'निधि निक्षेप' म्हणजे काय?

जंत्रीवाला : जमिनीत पुरलेलं धन आणि ठेव. सापडलं तर तेही इनामदाराचं.