जुनापाणीची शिळावर्तुळे पाहायला जाताना नेमके काय पाहावे?

प्रश्न

नमस्कार. डिसेंबरमध्ये आम्ही पुण्याहून नागपूरला नातेवाइकांकडे जाणार आहोत. माझे वडील निवृत्त इतिहास शिक्षक असून काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथील महापाषाणीय दफने, म्हणजे मोठ्या शिळांच्या वर्तुळांत केलेली प्राचीन दफने, प्रत्यक्ष पाहण्याची त्यांची फार वर्षांची इच्छा आहे. मात्र एका परिचितांनी ‘माळावर नुसते दगड पडले आहेत’ असे सांगितल्यापासून ते जरा खट्टू झाले आहेत. तिथे गेल्यावर नेमके काय पाहावे? शिवाय ती थडगी असल्याने वर्तुळाच्या आत पाऊल ठेवणे योग्य आहे का, असाही प्रश्न वडिलांनीच विचारला आहे. त्यांचे वय ७२ आहे.

प्रतिसाद : माळकरी

वडिलांना अवश्य घेऊन जा. ‘नुसते दगड’ असे वाटते, कारण या थडग्यांचा महत्त्वाचा भाग जमिनीखाली असतो आणि वर दिसते ती केवळ त्यांची कड. आधी मृताचे अवशेष आणि त्याच्यासोबत द्यायच्या वस्तू ठेवायच्या, त्यावर चिकट काळी माती व दगडगोटे यांचे थर घालायचे आणि भोवती मोठ्या शिळांचे कडे उभारायचे, अशी सर्वसाधारण पद्धत होती. हे ध्यानात घेऊन एखाद्या वर्तुळाभोवती सावकाश फिरलात, तर मधला भाग किंचित उंचावलेला का आहे, हे वडिलांना सांगावे लागणार नाही. जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत. लोहयुगातील, म्हणजे ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील माणसांनी एकाच परिसरात आपल्या मृतांसाठी इतके श्रम केले, याची जाणीव एक वर्तुळ पाहून होत नाही. त्यासाठी दोन-चार वर्तुळे तरी चालत ओलांडावी लागतात.

काही शिळांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत, ते मुद्दाम शोधा. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी इथे उत्खनन करून १८७९ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हापासून या खळग्यांविषयी तर्क चालू आहेत. खळगे असलेल्या शिळा वर्तुळाच्या ठरावीक दिशांनाच आढळतात, असे अलीकडच्या काही अभ्यासकांनी दाखवून त्यांचा संबंध आकाशनिरीक्षणाशी जोडला आहे. मला हा तर्क आकर्षक वाटतो, तरी तो सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही. होकायंत्र सोबत नेलेत, तर वडिलांना स्वतः पडताळून पाहता येईल आणि इतिहास शिकवलेल्या माणसाला त्यात खरा आनंद मिळेल.

जवळच्याच माहुरझरी येथील अशाच शिळावर्तुळांत पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या उत्खननात घोड्यांचे सांगाडे, त्यांचे तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम मिळाले, तर नागपूर जिल्ह्यातल्याच, त्याच काळातील नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. शेतातून चालताना ही माणसे घोडे बाळगणारी आणि लोखंड घडवणारी होती, हे मनात असले की दगड वेगळे दिसू लागतात.

प्रतिसाद : कोवळे ऊन

वरील माहितीत एक भर घालतो. सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात खळग्यांच्या कडांवर सावली पडते, म्हणून ते चटकन दिसतात; डोक्यावर ऊन आले की तीच शिळा सपाट भासते. खडूने किंवा पाण्याने खळगे उठावदार करण्याचा मोह मात्र टाळावा. जमीन उंचसखल आहे, त्यामुळे वडिलांच्या हाती काठी आणि पायांत बंद बूट असू द्यावेत.

प्रतिसाद : वर्धाकाठ

वडिलांच्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण तो विचारणारे फार थोडे भेटतात. माझ्या मते बाहेरून प्रदक्षिणेसारखे फिरावे आणि आत जाऊ नये. मधला भराव सैल दगडगोट्यांचा असतो, तो पायांखाली सरकतो, आणि एक दगड सरकला तरी पुढे उत्खनन करणाऱ्यांसाठी थरांचा पुरावा बिघडतो. दुसरे कारण साधे आहे: गावच्या स्मशानात आपण कोणाच्या समाधीवर उभे राहत नाही, मग इथल्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत म्हणून वेगळे का वागावे? खापराचा तुकडा दिसला तर तो आहे तिथेच राहू द्यावा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. हे प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी जुने होकायंत्र कपाटातून काढले असून आत न जाण्याचे त्यांना पूर्णपणे पटले आहे. नागपूरला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी निघायचे, असे ठरले आहे.